पळापळीचं पंचांग

येत्या १४ सप्टेंबरला, सोमवारी, गणेश चतुर्थी आहे. मुंबई मॅरेथॉन रिवाजाप्रमाणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे १७ जानेवारी २०२७ ला होणार असं धरून अठरा आठवडे उलटे मोजले, तर तयारीचा पहिला दिवसही नेमका तोच येतो. याहून चांगला मुहूर्त कुठला, असं मी घरात जाहीर केलं. बायकोनं काही न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं आणि नोव्हेंबरच्या पानावर बोट टेकवलं. ८ नोव्हेंबर. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. वार रविवार.

"रविवारी तुझा लाँग रन असतो ना?" ती म्हणाली. "उटणं लावून जाणार आहेस की न लावता?"

मॅरेथॉनची वेळापत्रकं बनवणाऱ्या लोकांना नातेवाईक नसावेत असा माझा दाट संशय आहे. सोमवारी विश्रांती, मंगळवारी ८ किलोमीटर, बुधवारी १२, गुरुवारी पुन्हा ८, शुक्रवारी विश्रांती, शनिवारी थोडं हलकं आणि रविवारी लांबचं; हे लांबचं वाढत वाढत ३२ पर्यंत न्यायचं. चौकोन सुबक आखलेले असतात. ही मंडळी उन्हाचा विचार करतात, वाऱ्याचा करतात, डाव्या गुडघ्याचासुद्धा करतात. बारशाचा करत नाहीत. साखरपुडा, सोसायटीची सर्वसाधारण सभा, मुलीच्या शाळेतलं गॅदरिंग, चुलतभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत, यांतल्या एकालाही त्या तक्त्यात चौकोन नाही.

खरं तर ४२.१९५ किलोमीटर हे अंतरच मुळात एका घरची सोय बघून ठरलं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली. ते भरलं २६ मैल आणि ३८५ यार्ड. पुढे १९२१ मध्ये तेच कायम झालं. राणीच्या घरच्यांचं मन सगळ्या जगानं राखलं आणि अजून राखतं आहे. माझ्या घरच्यांचं मात्र मला एकट्यालाच राखायचं आहे.

जानेवारीतल्या शर्यतीची तयारी म्हणजे ऐन सणासुदीतली तयारी. दिवस कमी-जास्त पुढेमागे होतात, पण आरत्या, फराळ, लग्नं आणि तिळगूळ यांतून सुटका नाही. गणपतीत सकाळची आरती आणि माझा परतीचा शेवटचा किलोमीटर एकाच वेळी येतात. आमच्या मजल्यावरच्या मंडळींनी मला शॉर्ट्समध्ये, छातीवर घामाचा नकाशा घेऊन, झांजा वाजवताना पाहिलेलं आहे. त्यावर कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी मला झांजांऐवजी दारात चपला सांभाळायचं काम दिलं, एवढंच.

त्यानंतरचा पितृपक्ष म्हणजे धावणाऱ्याचा सुवर्णकाळ. पंधरवडाभर कुणी लग्न ठरवत नाही, घर घेत नाही, गाडी आणून पेढे वाटत नाही. रविवार कोरे करकरीत मिळतात. माझं सगळ्यात चांगलं पळणं पितृपक्षात होतं, ही गोष्ट मी अजून आईला सांगितलेली नाही. ती म्हणेल, तुझ्या आजोबांना तू पळत असलेला बरा दिसत असेल, कारण ते हयात असताना तू दुकानात जायलाही उठत नसायचास.

नवरात्रात खालच्या मैदानात गरबा असतो. त्याबद्दल एवढंच म्हणतो की रात्रीच्या गरब्याला पहाटेचं काही सोयरसुतक नसतं.

मग दिवाळी. वर्षातून एकच दिवस आमचं अख्खं घर पहाटे चारला उठतं, दिवे लागतात, चहा होतो, आणि नेमक्या त्याच दिवशी मला घराबाहेर पडता येत नाही. एरवी पहाटे मी उठलो की "झोपू दे रे" म्हणणारी मुलगी त्या दिवशी माझ्याआधी जागी. तेल, उटणं, मोती साबण, आणि मग डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याच्या पायाचं एखादं नख काळं पडलेलं असतंच. माझं त्याच अंगठ्याचं. नरकासुर मेला, ओरडलो मी. त्यानंतरचे आठ दिवस फटाक्यांच्या धुरात पळून उपयोग नाही आणि फराळाच्या डब्यापासून पळून जमत नाही. ठाण्यात दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीला इतकी तरुणाई लोटते, की तिथून वाट काढणं हाच एक स्वतंत्र क्रीडाप्रकार ठरावा.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. हल्ली सगळ्यांना लग्न रविवारीच हवं असतं. सकाळी २६ किलोमीटर पळून, आंघोळ करून, दुपारच्या मुहूर्तावर अक्षता टाकायला उभं राहिलं, की मंगलाष्टकं फार लांब वाटू लागतात. मागच्या डिसेंबरात एका लग्नात मी आजेसासूबाईंना नमस्कार करायला वाकलो आणि वर येईना. मांड्यांनी संप पुकारला होता. बराच वेळ मी तसाच. आजेसासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला आणि शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "असे जावई आता मिळत नाहीत हो."

हा झाला वर्षाचा हिशेब. दिवसाचा याहून अवघड आहे.

आमच्या इमारतीत पाणी सहाला येतं. मुलीची शाळेची व्हॅन सात वाजून पाच मिनिटांनी. माझी ८.१२ ची फास्ट. ही तीन खुंट्या ठोकलेली भिंत. पळणं कुठे टांगायचं ते तिच्या अलीकडेच बघायला हवं. १२ किलोमीटरला मला दीड तासाच्या आसपास लागतो, तेव्हा गजर सव्वाचारचा. गजर उशीखाली, थरथरणारा, आवाज बंद केलेला. या व्यवस्थेत एक माणूस सोडून सगळे जागे होतात. मग अंधारात बूट शोधायचे, लॅच हातानं धरून दार ओढायचं, नाड्या बाहेर जिन्यात बांधायच्या. लिफ्टचं दार वाजतं म्हणून पाच मजले पायी. वॉचमन रोज मला बघून दचकतो आणि मग त्या दचकण्याचीच भरपाई म्हणून सलाम करतो.

बाहेर उपवनपर्यंत रस्ता कुत्र्यांचा आहे. प्रत्येक गल्लीची हद्द त्यांनी आपसांत ठरवलेली. एका टोळीनं पाठलाग करायचा तो ठरावीक विजेच्या खांबापर्यंत, पुढची टोळी तिथून सूत्रं हाती घेते. येऊरच्या चढाला लागलं की कुत्री थांबतात. का थांबतात हे पहिल्या दिवशी कळलं नाही. मग वनखात्याची पाटी दिसली. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि उद्यानात बिबटे आहेत. वेग वाढवण्याचे व्यायाम पुस्तकांत पुष्कळ दिलेले असतात. त्या पाटीइतका गुण मला एकाचाही आला नाही.

सहाला घरी पोचलो तर सगळं सुरळीत. सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो तर बादल्या भरायच्या राहिलेल्या असतात, दूध उतू गेलेलं असतं आणि डब्याच्या पोळ्यांच्या लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत असतो. आमच्याकडे किलोमीटरची नोंद दोन ठिकाणी होते: माझ्या मनगटावरच्या घड्याळात आणि बायकोच्या डोक्यात. घड्याळातली कधी कधी चुकते. १५ किलोमीटरला सगळ्या खोल्यांचे पंखे पुसणे. २५ ला पालकसभा. ३० च्या वर गेलं की तिच्या भिशीच्या दिवशी मुलीला गणित शिकवणं, आणि तेही न ओरडता. शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत पळणं कमी करायचं असतं, पाय ताजे व्हावेत म्हणून. याला टेपर म्हणतात. या काळात शरीराला विश्रांती द्या असं तक्ता बजावतो. पण तिसरा रविवार १५ ते २१ जानेवारीच्या मध्येच कुठेतरी येणार, म्हणजे टेपर आणि संक्रांत जोडीनंच येतात. हळदीकुंकवाला तीस बायका येणार, तेव्हा सोफा हलवायचा, गाद्या गच्चीवर न्यायच्या, वाणाला आणलेले स्टीलचे डबे माळ्यावरून काढायचे. "आता पळत नाहीस ना? मग वेळ आहे की," असं वर ऐकायचं. शर्यतीत कुणी जायबंदी झाला तर लोक पेडर रोडच्या चढाला दोष देतात. माळ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र मराठी घरासारखा प्रशिक्षक नाही. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय एकाएकी परक्याचे होतात. धावणारे त्याला भिंत म्हणतात. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस पिष्टमय पदार्थ भरपूर खायचे. परदेशातले लोक त्यासाठी पास्त्याच्या मेजवान्या करतात. आमची आई जन्मापासून मला वरणभात, पुरणपोळी आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी देऊन या शर्यतीसाठीच तयार करत होती, हे मला चाळिशीत उमगलं. पळताना खायच्या जेलचं एक पाकीट मी तिला दाखवलं. तिनं बोटावर घेऊन चाटलं, किंमत विचारली, दोन क्षण गप्प राहिली. "गुळाचा पाक बिघडला की असा लागतो," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खजूर-डिंकाचे लाडू वळायला बसली. लाडू उत्तमच. फक्त पळताना डिंकाचा लाडू चावायचा तर श्वास कुठून घ्यायचा, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. आमचे साहेब अमेरिकेतल्या लोकांशी रात्री साडेनऊला बोलणं ठेवतात, आणि साडेनऊ ही माझी झोपायची वेळ. कॅमेरा बंद ठेवून मी आडवा होऊन ऐकतो. एकदा साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं की मी मध्येमध्ये बोलत नाही, शांतपणे ऐकून घेतो. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी असं म्हटलं तर कारण काय लिहायचं हा प्रश्न. आजारी म्हणावं तर रविवारी पदक गळ्यात घालून काढलेला फोटो सगळ्यांनी पाहिलेला. म्हणून सोमवारी गेलोच. रेल्वेनं पुष्कळ स्टेशनांवर सरकते जिने बसवले, चांगलं केलं. पण ते बहुतेक वर जातात. मॅरेथॉननंतर माणूस वर चढतो हो, त्याला उतरता येत नाही. दादरच्या पुलावरून मी खेकड्याच्या चालीनं आडवा उतरत असताना एका शाळकरी मुलानं मला हात दिला. "सावकाश, आजोबा," म्हणाला.

आणि पहिला प्रश्न सगळीकडे एकच: "कितवा आलास?" कॅन्टीनवाला, साहेब, खालच्या मजल्यावरचे काका, सगळे. आपल्याकडे शर्यत म्हणजे नंबर. हजारो लोकांत मी चार हजार कितवा तरी आलो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती येते. काका तर म्हणाले, "होतं असं कधी कधी. पुढच्या वर्षी अभ्यास वाढव." मला अशा वेळी फडेप्पा चौगुले आठवतात. बेळगावचा हा गडी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी बघून दोराबजी टाटांना वाटलं होतं की ही माणसं ऑलिंपिकला जायला हवीत. चौगुले २ तास ५० मिनिटांत पोचले आणि जगात एकोणिसावे आले. ते परत आल्यावर गावात कुणीतरी "कितवा?" विचारलंच असणार, आणि "एकोणिसावा" ऐकून मान हलवली असणार. निदान मला तरी तशी खात्री आहे.

आमच्या रविवारच्या गटात बायका बऱ्याच आहेत, आणि त्यांच्यासमोर मी माझ्या या कहाण्या सांगत नाही. एकदा सांगायला गेलो. सव्वाचारला उठतो म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, "मी साडेतीनला." कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये, भाजी चिरून डब्यात, सासऱ्यांच्या गोळ्या वाटीत काढून वर झाकण, मुलाचा गणवेश खुर्चीवर, आणि एवढं करून सहाला घरी, कारण चहा त्यांच्या हातचाच लागतो. मी पळतो तेव्हा घर माझ्याभोवती सरकून जागा करतं, कुरकुरत का होईना. त्या पळतात तेव्हा घराला पत्ताही लागत नाही, आणि लागू न देणं हीच त्यांची खरी तालीम. मला कुणी कधी "एकटाच जातोस?" असं विचारलेलं नाही. "पोरांचं कोण बघतं?" असंही नाही. त्यांना हे प्रश्न लिफ्टमध्ये येतात. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी उलटल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. घर सांभाळून पळायचं की पळून घर सांभाळायचं, एवढाच तिथे फरक होता. माझ्या पंख्यांच्या पुसण्याबद्दल मी त्या गटात बोलायचं सोडलं, ते असं.

उरला प्रश्न लांबच्या रविवारचा. चार तास घरातून गायब व्हायचं आणि परत येऊन दुपारभर लोळायचं, हे दर आठवड्याला चालण्यासारखं नाही. तेव्हा एक युक्ती काढली: जिथे तसंही जायचंच आहे, तिथे पळत जायचं. सासर दादरला. रेल्वेनं ते ठाण्याहून २५ किलोमीटर. एलबीएस मार्गानं मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला करत सायनला निघालं की पुढे माटुंगा आणि दादर. बायको आणि मुलगी दहाच्या गाडीनं कपडे घेऊन येणार, मी पहाटे निघून आधी पोचणार. कागदावर इतकी निर्दोष योजना मी दुसरी केलेली नाही.

"चालत?" सासरेबुवांना फोनवर आधी कळवावं का, असं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली. "१८५३ साली इंग्रजांनी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आणली, तीन इंजिनं लावून, ती कशासाठी?" आईची शाळा ठाण्याची, त्यामुळे पहिल्या आगगाडीचा धडा तिला तोंडपाठ आहे. साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनांची नावंसुद्धा. त्या गाडीनं ३४ किलोमीटर सत्तावन्न मिनिटांत कापले होते. आईनं तोही आकडा दिला आणि माझा वेळ विचारला.

घाटकोपरपर्यंत छान गेलं. कुर्ल्याला ऊन आलं, मेट्रोच्या कामाची धूळ आली आणि एक भाजीचा टेम्पो माझ्या बरोबरीनं बराच वेळ हळूहळू चालला. ड्रायव्हरला वाटलं मी कुणाच्या तरी मागे लागलोय, त्यानं बसायला सांगितलं. दादरला पोचलो तेव्हा बनियनवर मिठाचे पांढरे डाग, खिशात फक्त एक ओली झालेली पन्नासची नोट. जिन्याच्या तीन मजल्यांनी पाव तास खाल्ला. बेल वाजवली.

सासऱ्यांनी दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या मागे जिन्यात पाहिलं. मी एकटाच. त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं, दार लावलं, खुर्चीवर बसवलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "भांडण झालं का?"

मी श्वास घेत होतो. मान हलवून नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण ती मान कुठल्याही दिशेनं हलत होती. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी तडक मुलीला फोन लावला. ती गाडीत होती, नीट ऐकू येत नव्हतं. "तू काय बोललीस त्यांना? अगं ठाण्याहून चालत आलेत ते!" असं त्या फोनमध्ये ओरडत होत्या आणि डब्यातल्या अख्ख्या लेडीज सीटला ते ऐकू जात होतं, हे मला नंतर सविस्तर कळवण्यात आलं. सासऱ्यांनी मला लिंबाचं सरबत दिलं, मीठ जास्त घातलेलं, म्हणजे अगदी योग्य. मग शेजारी बसून त्यांनी स्वतःच्या लग्नातले पहिल्या काही वर्षांतले प्रसंग सांगितले, समजुतीचे चार शब्द सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "मी एकदा असाच निघालो होतो. पण मी परळपर्यंतच गेलो."

बायको आल्यावर उलगडा झाला. पण सासूबाईंचा माझ्यावर तेव्हापासून पूर्ण विश्वास नाही. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, वर ताम्हण आणि दिवा. परवा त्यांचा फोन आला. तारीख ठरली, रविवारच आहे. मी लगेच मनात अंतर मोजायला लागलो, आणि ते त्यांना फोनवरून कसं कळलं कोण जाणे.

"गाडीनं या," त्या म्हणाल्या. "आणि जाताना टॅक्सीनं जा. अनारसे मोडतात."